रडारला झीज दिसते काय?

यंत्राला हात न लावता रडार कापणाऱ्या हत्याराची झीज ओळखते, अशा अर्थाचे लेख अलीकडे वाचनात येतात. त्यांतील पूर्वार्ध आम्हांस मान्य आहे. तक्रार आहे ती उत्तरार्धाबद्दल.

डॉप्लर परिणाम शिकवताना आपण रेल्वेची शिट्टी सांगतो. मलकापूर-नांदुरा-शेगावच्या विद्यार्थ्यांना ती रोजची. पण गाडी दूर निघून जाते, लेथवरचे हत्यार मात्र जागच्या जागी काही मायक्रॉन मागेपुढे होते. येथे परतणाऱ्या लहरीची कला, म्हणजे ती आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यात आहे, ते मोजतात. ७७ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ३.९ मिलिमीटर असते. हत्यार १० मायक्रॉन सरकले, की जाण्यायेण्याचे अंतर २० मायक्रॉनांनी बदलते आणि कला जवळजवळ २ अंशांनी. एवढा फरक टिपता येतो.

लेखक मंडळी गडबडतात ती पुढे. त्याच रडारची पट्टारुंदी ४ गिगाहर्ट्‌झ असेल, तर ३.७५ सेंटिमीटरपेक्षा जवळच्या दोन वस्तू त्याला वेगळ्या दिसत नाहीत. एका वस्तूची हालचाल मोजणे निराळे आणि दोन वस्तू वेगळ्या ओळखणे निराळे. हत्यार, त्याची पकड आणि फिरणारा जॉब एवढ्याच अंतरात दाटीने असतात. मग थरथरले कोण?

शिवाय कंप म्हणजे झीज नव्हे. हत्याराची बाजू सरासरी ०.३ मिलिमीटर झिजली, की ते बाद धरण्याचा प्रघात आहे. ती झीज रडारला दिसत नाही. कंपावरून तिचा अंदाज बांधावा लागतो. सैल बोल्ट, खराब बेअरिंग, धातूतील कठीण जागा यांनीही कंप बदलतो. खामगावकडच्या जिनिंगमधील मुरलेला फिटर आवाज बदलताच ‘रूळ झिजला’ असे म्हणणार नाही. आधी पट्टा पाहील, बेअरिंग पाहील, सुरी नीट बसली आहे का ते पाहील. लेखांत नेमका हाच फिटर हरवला आहे!

रडारचा फायदा खोटा नाही. तेलाचा धूर आणि धूळ यांतून या लहरी पार जातात. कॅमेऱ्याची काच तेथे माखून जाते. पण असा लेख वर्गात वाचताना विद्यार्थ्यांना दोन गोष्टी शोधायला सांगाव्यात. झीज सूक्ष्मदर्शकाखाली स्वतंत्रपणे मोजली होती काय? आणि धातू किंवा वेग बदलल्यावर तोच अंदाज टिकला काय?