राष्ट्रीय आपलेपणा आणि मोहल्ल्यातील संवाद : भिवंडीच्या प्रयोगाची समीक्षा

प्रस्तावना : यंत्रमागांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिवंडीने ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या निमित्ताने उसळलेली आणि पुढे मे १९८४ मधील अशा दोन भीषण दंगली अनुभवल्या. १९७० च्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्या. मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावरही बोट ठेवले होते. या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्यांचा प्रयोग आरंभिला. ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या ग्रंथात त्यांनी त्याची मांडणी केली आहे. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली, हा या मांडणीचा मुख्य आधार होय.

विवेचन : दंगलीनंतर एका समाजाकडे राष्ट्रनिष्ठेचा पुरावा मागितला जातो आणि दुसरा समाज आपोआप परीक्षक ठरतो. समितीच्या रचनेत या विषमतेला जागा नव्हती. तेथे हिंदू व मुस्लिम रहिवासी एकाच वस्तीचे नागरिक म्हणून समोरासमोर बसत. आपलेपणा हा घोषणेतून नव्हे, तर नित्याच्या व्यवहारातून घडतो, हे या प्रयोगाचे खरे प्रमेय ठरते. आशुतोष वार्ष्णेय यांनीही २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात समाजांना जोडणाऱ्या नागरी संबंधांचे महत्त्व सांगताना भिवंडीची दखल घेतली आहे.

तथापि, प्रयोगकर्ताच येथे भाष्यकार असल्याने मूल्यमापन सावधपणे करावे लागते. संवादाचे निमंत्रण पोलिसांकडून येत होते. मग वादातील एक पक्ष स्वतः पोलीसच असेल तर काय? जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवरील पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून संघर्ष झाला. गोळीबारात नागरिक, तर जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीस मृत्युमुखी पडले. हा संघर्ष दोन समाजांतील नव्हता, तो नागरिक व शासनसंस्था यांच्यातील होता. शेजाऱ्यांमधील विश्वास वाढला तरी शासनावरील विश्वास त्याच प्रमाणात वाढतोच असे नाही, हे त्यातून स्पष्ट होते. शिवाय, यंत्रमागावर राबणाऱ्या परप्रांतीय कामगाराला व स्त्रियांना अशा बैठकीत कितपत स्थान मिळते, हा प्रश्न उरतोच.

निष्कर्ष : सारांश, भिवंडीने संवादाचे सामर्थ्य दाखविले, तशी त्याची मर्यादाही दाखविली. अधिकाऱ्याच्या बदलीनंतरही टिकावयाचा असेल, तर संवादाचे यजमानपद नागरिकांकडे असावयास हवे. पाहुणा म्हणून बोलाविलेल्याला घर आपले वाटत नाही. राष्ट्राबाबतही हेच खरे आहे.