दिसणे, पाहणे, दाखवणे : पक्षीनिरीक्षण सहलीच्या वृत्तान्ताचे चिकित्सक वाचन

मराठीत पक्ष्याशी होणारी गाठ सांगण्यासाठी तीन क्रियापदे हाताशी आहेत. ‘पक्षी दिसला’ या वाक्यात कर्ता पक्षीच असतो. ज्याला तो दिसला त्याचा उल्लेख चतुर्थीत येतो आणि गाळला तरी वाक्य अपुरे वाटत नाही. ‘पक्षी पाहिला’ असे म्हणताच कर्तेपणा पाहणाऱ्याकडे जातो. ‘पक्षी दाखवला’ या प्रयोजक रचनेला मात्र तिघे लागतात : पक्षी, पाहणारा आणि दाखवणारा. एरवी हा तपशील शालेय व्याकरणाचा वाटावा. परंतु पक्षीनिरीक्षण सहलींविषयी गेल्या काही दशकांत जे विपुल लेखन झाले, ते वाचताना तिसरे क्रियापद त्यातून जवळजवळ हद्दपार झाल्याचे जाणवते. सहल घडते ती दाखवण्यावर. तिचा वृत्तान्त लिहिला जातो तो दिसण्यात. या अंतराचा विचार प्रस्तुत लेखात केरळमधील पश्चिम घाटात जाणाऱ्या लहान गटांच्या सहलींच्या आधारे केला आहे.

या सहलींचा आराखडा आता जवळपास रूढ झाला आहे. सहा-आठ जणांचा गट, सोबत एक स्थानिक वाटाड्या, एक स्पॉटिंग स्कोप. प्रथम सखल भागातील थट्टेकाड, मग मुन्नारचा उंच प्रदेश आणि बहुधा शेवटी पेरियार. पुण्या-मुंबईहून जाणारे मराठी गटही हाच मार्ग धरतात. यांपैकी थट्टेकाडचे महत्त्व वेगळे आहे. एर्नाकुलम जिल्ह्यात कोथमंगलमजवळ पेरियार नदीच्या काठी असलेले हे सुमारे २५ चौरस किलोमीटरचे अभयारण्य १९८३ मध्ये स्थापन झाले व त्याला डॉ. सलीम अली यांचे नाव देण्यात आले. सलीम अलींनी १९३३ मध्ये त्रावणकोर-कोचीन संस्थानांचे पक्षीसर्वेक्षण केले, तेव्हा या जागेची समृद्धी त्यांच्या ध्यानात आली होती. सदाहरित अरण्य, सागाची लागवड, रबराचे मळे आणि नदीचे पात्र एवढ्याशा क्षेत्रात एकमेकांना लागून असल्यामुळे येथे अल्पावधीत पुष्कळ प्रजाती आढळतात. सहलीच्या आयोजकाला नेमके हेच हवे असते.

थट्टेकाडच्या बहुतेक वृत्तान्तांमध्ये एक परिच्छेद हमखास येतो, तो श्रीलंका फ्रॉगमाऊथचा. सुमारे २३ सेंटिमीटर लांबीचा हा निशाचर पक्षी दिवसा जोडीने, एकमेकांना खेटून, हालचाल न करता बसून राहतो. नर करडा, मादी तांबूस. दोघेही वाळक्या पानांच्या झुबक्यासारखे. दोन हातांवर असले तरी अनोळखी डोळ्याला ते उमगत नाहीत. वृत्तान्तात हा प्रसंग साधारणतः असा येतो : गट झाडीत शिरला, काही वेळ काहीच दिसेना, आणि मग एकाएकी ते दिसले. ‘एकाएकी’ हा शब्द येथे विशेष लक्षणीय आहे. जोडी निर्वेध राहिली तर तीच फांदी ती दीर्घकाळ वापरते; वाटाड्याला ती फांदी आदल्या दिवसापासून, कधी आदल्या महिन्यापासून ठाऊक असते. त्याच्या दृष्टीने त्या क्षणी एकाएकी असे काहीही घडलेले नसते. लेखकाला झालेला साक्षात्कार हे दुसऱ्या कोणाच्या तरी दीर्घ पाळतीचे फळ असते. परंतु साक्षात्काराच्या भाषेत पाळतीला जागा नसते. ‘दिसला’ हे क्रियापद येथे निसर्गापुढील विनय सुचवते, आणि त्याच विनयाच्या आड वाटाड्याचे श्रम झाकले जातात.

यादीचा रूपबंध

वृत्तान्ताच्या शेवटी यादी असते. किंबहुना अनेकदा यादी हाच वृत्तान्ताचा गाभा असतो आणि आधीचे गद्य तिची प्रस्तावना ठरते. इंग्रजी नाव, शास्त्रीय नाव, ठिकाण, तारीख, संख्या. केवळ आवाज ऐकला असेल तर तशी खूण. म्हणजे इंद्रियांमधील भेद यादीला कळतो. ध्वनिमुद्रित साद वाजवून बोलावलेला पक्षी आणि आपण होऊन आलेला पक्षी यांतील भेद मात्र बहुधा नोंदवला जात नाही. आपल्या हद्दीत कोणी परका शिरला, असे समजून तो पक्षी धावून आलेला असतो. यादीत तो शांतपणे ‘दिसलेला’ असतो.

यादीची टवाळी करणे सोपे आहे आणि अभिरुचीसंपन्न समीक्षेत ती पुष्कळदा केली जाते. ती अन्यायकारक आहे. २००२ मध्ये सुरू झालेल्या ई-बर्डसारख्या व्यवस्थेत हजारो हौशी निरीक्षकांच्या याद्या साठत गेल्या; त्यांच्याच आधारे सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी वापरून २०२३ चा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा अहवाल ९४२ प्रजातींबाबत काही सांगू शकला. एखादी प्रजाती घटते आहे, हे कोणत्याही ललित निबंधातून सिद्ध होत नाही. यादी म्हणजे उथळपणा, हेही खरे नाही. आठ हजार प्रजातींचा टप्पा १९९५ मध्ये गाठणाऱ्या फीबी स्नेट्सिंगर या अमेरिकी बाईंचे उदाहरण बोलके आहे. प्रत्येक प्रवासापूर्वी त्या कसून अभ्यास करीत आणि टिपणे तपशीलवार ठेवीत. १९९९ मध्ये मादागास्करमधील अशाच एका सहलीत वाहन उलटून त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाकडे गणनेच्या वेडाची कहाणी म्हणून पाहणारे वाचक त्यामागील शिस्त विसरतात.

तेव्हा आक्षेप यादीच्या अस्तित्वाला नाही, तिच्या रकान्यांना आहे. किती जण होते, किती वेळ चालले, किती अंतर कापले, हे विचारणाऱ्या नोंदपत्रकात ‘कोणी दाखवला’ हा रकाना नसतो. विज्ञानाच्या दृष्टीने तो अनावश्यक आहे, असे उत्तर यावर मिळू शकेल. पण सहलीचा वृत्तान्त हा काही केवळ विज्ञानाचा दस्तऐवज नव्हे. तो प्रवासवर्णनाचा एक उपप्रकार आहे, आणि प्रवासवर्णनाने सोबत्यांचा हिशेब द्यावयाचा असतो.

दाखवणाऱ्याचे स्थान

येथे एक जुना प्रसंग ताडून पाहण्याजोगा आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेस मलाय द्वीपसमूहात हिंडत असता १८५८ मध्ये बाचान बेटावर त्याचा साहाय्यक अली एक विलक्षण पक्षी घेऊन आला. खांद्यांवरून लांब पांढरी पिसे निघालेला तो एका नव्याच जातीचा नंदनपक्षी होता. पुढच्या वर्षी लंडनमध्ये जॉर्ज रॉबर्ट ग्रे यांनी त्याचे नामकरण केले. नाव दिले वॉलेसचे. वॉलेसने स्वतः मात्र १८६९ च्या आपल्या प्रवासग्रंथात अलीने तो पक्षी कसा आणला हे मोकळेपणाने सांगितले आहे. एकाच घटनेच्या या दोन नोंदींपैकी नामसूचीत अली नाही, कथनात आहे. दाखवणाऱ्याला सामावून घेण्याची ताकद कथनाच्या रूपबंधात मुळातच असते, एवढे यावरून म्हणता येते. आजच्या सहलवृत्तान्तात तो आढळत नसेल, तर त्याचे खापर यादीच्या मर्यादेवर फोडता येणार नाही. तेथे कथनानेच यादीचे वळण स्वीकारलेले आहे.

सलीम अलींच्या त्रावणकोर सर्वेक्षणातही एक पथक होते. पत्नी तेहमिना आणि त्रिवेंद्रम संग्रहालयाचे एन. जी. पिल्ले ही नावे आज आपल्याला माहीत आहेत, ती सर्वेक्षणाभोवतीच्या लेखनातून. त्या काळची पद्धत बंदुकीची होती. पक्षी टिपून, कातडे सोलून, भुसा भरून तो मुंबईस न्यावयाचा. बंदूक गेली आणि दुर्बीण आली, हे निश्चितच मोठे संक्रमण आहे. मात्र संग्राहक आणि साहाय्यक यांच्यातील श्रेणी दुर्बिणीबरोबर आपोआप बदलली, असे मानण्यास आधार नाही. पूर्वीच्या साहाय्यकाची जागा वाटाड्याने घेतली, आणि कातड्याची जागा छायाचित्राने.

मराठी वाचकाला या संदर्भात मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) आठवल्यावाचून राहणार नाहीत. वनाधिकारी म्हणून लाभलेल्या अधिकाराचा टेंभा त्यांच्या गद्यात नाही. नवेगावबांधच्या माधवराव पाटलांसारखी माणसे त्यांच्या लेखनात जाणकार म्हणून, प्रसंगी गुरू म्हणून वावरतात, आणि अमुक शब्द, अमुक समजूत कोणाकडून कळली हे वाचकाला समजते. ‘पक्षीकोशा’मागेही लोकांच्या तोंडची नावे गोळा करण्याची तीच वृत्ती आहे. चितमपल्लींच्या शैलीचे अनुकरण करणारे पुष्कळ निघाले. त्यांतील बहुतेकांनी अरण्याची गूढरम्यता उचलली आणि ऋणनिर्देशाची ही सवय मागे ठेवली. मराठीतील अलीकडच्या सहललेखनात वाटाड्या येतो तो ‘आमचा गाईड’ म्हणून, त्याच्या तल्लख डोळ्यांच्या कौतुकासह. डोळ्यांचे कौतुक ही फसवी स्तुती आहे. ज्ञान कमवावे लागते, डोळे जन्मतः मिळतात. फ्रॉगमाऊथ शोधणारा माणूस दृष्टीच्या नव्हे, स्मृतीच्या बळावर शोधतो.

न दाखवणे

या साऱ्याचे परिणाम शब्दांपुरते राहत नाहीत. फ्रॉगमाऊथ एका वेळी एकच अंडे घालतो. मादी रात्री व नर दिवसा ते उबवतो. म्हणजे ज्या वेळी सहलीचा गट झाडीत येतो, त्याच वेळी नर जागचा हलू शकत नाही. अशा दिवशी त्या फांदीकडे गटाला न नेणे, ‘आज जोडी तेथे नाही’ असे सांगून वाट बदलणे, हा वाटाड्याच्या ज्ञानाचा सर्वोच्च उपयोग होय. तथापि वृत्तान्ताच्या भाषेत ही कृती ‘हुकले’ या एका शब्दात जमा होते. ज्या लेखनात दाखवणाराच नाही, त्यात न दाखवणारा कोठून येणार? त्याचा विवेक तेथे अपयश म्हणून नोंदला जातो, आणि पुढचा गट ते वृत्तान्त वाचूनच वाटाड्याची निवड करतो. ज्याचा हंगाम जेमतेम नोव्हेंबर ते मार्च एवढा, आणि ज्याची मिळकत अशा शिफारशींवर अवलंबून, त्याच्यावर ‘थोडे आणखी जवळ’ या आग्रहाचे किती दडपण येत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. सहलीचा गट लहान ठेवण्यामागे पक्ष्यांना कमी त्रास व्हावा हा हेतू सांगितला जातो आणि तो प्रामाणिकही असेल. परंतु पुरेसे झाले हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे, हे ठरलेले नसेल तर गट लहान आहे एवढ्याने फांदीवरच्या नराचे रक्षण होत नाही. आठ माणसेही आठ वेळा पुढे सरकू शकतात.

नावांचा प्रश्न

दाखवणाऱ्याला मान देण्याचा एक मार्ग नामकरणात आहे, आणि तो क्वचित चोखाळला गेला आहे. पश्चिम घाटापासून दूर, अरुणाचलातील ईगलनेस्टच्या परिसरात पुण्यात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ रमणा अत्रेय यांना आढळलेल्या एका पक्ष्याचे वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. पक्ष्यांची संख्या अत्यल्प, म्हणून नमुन्यासाठी एकही मारण्यात आला नाही. पकडलेला पक्षी मोजमापे, छायाचित्रे व पिसे घेऊन सोडून देण्यात आला. शास्त्रीय नावात शोधकर्त्याऐवजी तेथील बुगुन जमातीचे नाव आले. पुढे २०१७ मध्ये सिंगचुंग गावच्या बुगुन समाजाचे राखीव वन अधिसूचित झाले. नावामुळेच हे घडले, असा दावा करण्याचे कारण नाही. पण या पक्ष्याची यादीतील नोंदसुद्धा बुगुनांचा उच्चार केल्याशिवाय पूर्ण होत नाही, हे खरे.

मुन्नारच्या उतारांवर याच्या उलट आणि याच्यासारखे असे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी भेटतात. तेथल्या पळनी लाफिंगथ्रशच्या शास्त्रीय नावात ‘फेअरबँकी’ हे पद आहे. ब्लॅनफर्डने १८६९ मध्ये दिलेले ते नाव सॅम्युअल फेअरबँक या अमेरिकी मिशनऱ्याचे, ज्याचे आयुष्य अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) परिसरात गेले आणि ज्याने दख्खनेतले पक्षीही गोळा केले. नगरहून मुन्नारला गेलेल्या एखाद्या मराठी पर्यटकाच्या यादीत हा योगायोग सहज येऊ शकतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पळनीच्या डोंगरात फेअरबँकला वाट कोणी दाखवली, हे त्या नावात नाही. त्याच उतारावर, शोला अरण्याच्या काळोखात, आणखी एक पक्षी जमिनीलगत वावरतो. त्याला पूर्वी वेगवेगळ्या परदेशी वंशांत ढकलले जाई. २०१७ मध्ये व्ही. व्ही. रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा वंश (जीनस) स्वतंत्र ठरवला. सामान्य नाव म्हणून ‘शोलाकिली’ हा शब्द रूढ झाला. ‘किली’ म्हणजे मल्याळममध्ये पक्षी. हे नाव वाटाडे पर्यटकांना दुरुस्त करून सांगतात. इंग्रजी यादीतही ते तसेच, भाषांतर न होता, लिहावे लागते.