‘श्यामचे पोहणे’: भय आणि आधार

साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या ग्रंथातील पोहण्याचा प्रसंग शिस्तीचा आदर्श म्हणून पुढे केला जातो. भिऊन लपलेल्या श्यामला आई मारून पोहावयास धाडते, आणि तो पोहतो. यावरून माराने धैर्य येते, असा निष्कर्ष काढणे मात्र सदोष होय. प्रसंग तेथे संपत नाही. रुसलेल्या मुलाची आई मायेने समजूत घालते. लोकांनी त्यास भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ त्यास तेव्हा उमगते. प्रसंगाचे मर्म या उत्तरार्धात आहे. शिवाय हे सारे प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांस रात्री सांगतो. भय बोलून दाखविता यावे व ते ऐकणारे कोणी असावे, हेच या कथनाचे सूत्र होय.

तथापि आईचा मार तिच्या वात्सल्यामुळे क्षम्य ठरतो. शिक्षकास तो आधार नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे 17 वे कलम शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई करते. तेव्हा मुळशी तालुक्यातील माले येथे काय, अन्यत्र काय, शाळेने घ्यावयाचा तो उत्तरार्धच. शिंपटी वगळूनही तो उणा पडत नाही.