मुलाची पदवी आणि बापाची वही

दिवाळीच्या चार दिवसांत पाहुण्यारावळ्यांनी भरलेल्या घरात चकली-करंजीच्या जोडीने एक प्रश्न हमखास फिरत असतो. ‘थोरला काय करतो हल्ली?’ थोरला नुकताच पदवीधर झालेला असतो आणि हल्ली तो नेमके काय करतो, हे त्याच्या आईलाही धड सांगता येत नाही. ‘परीक्षा देतोय’ एवढे पुटपुटून ती चिवड्याची बशी पुढे सरकवते. वडील वाचून झालेले वर्तमानपत्र पुन्हा उघडतात. थोरला चप्पल पायात सरकवून कोपऱ्यावर निघून जातो.

या कोपऱ्यावर गेलेल्या मुलाचे आणि घरात उरलेल्या त्याच्या आईबापांचे आपल्या साहित्याने काय केले, हे पाहावे असा या लेखाचा बेत आहे. विषय फराळाच्या ताटाशी विसंगत वाटेल. पण ज्या घरांत दिवाळी अंक जातात, त्यांतल्या बहुतेक घरांत हा विषय ताटापाशीच बसलेला असतो. प्रस्तुत लेखक शाळामास्तर आहे. दहावीपर्यंत मुले त्याच्या हाताखाली असतात. पुढे ती कुठे गेली, हे त्यांच्या आईबापांच्या चेहऱ्यावरून कळते. म्हणून ही पुस्तके वाचताना त्याचे लक्ष नायकापेक्षा नायकाच्या बापाकडे अधिक गेले, हे आधीच सांगून टाकतो.

आरंभ घरापासून करू. कागल आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातले. तिथल्या आनंद यादवांची ‘झोंबी’ १९८७ साली आली आणि १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कुळाने शेत कसणाऱ्या एका घरातला मुलगा शिकू पाहतो आणि बाप त्याला शाळेतून काढून मोटेला, पिकाला, जनावरांना जुंपतो, एवढी ही कथा. वाचक बहुधा बापावर चिडून पुस्तक मिटतो. पण पुन्हा वाचले म्हणजे ध्यानात येते, की त्या घरात खरी कोंडी पैशाची नाहीच. कोंडी बोलण्याची आहे. मुलगा बापाशी बोलू शकत नाही, बायको नवऱ्याशी बोलू शकत नाही. शेवटी मायलेक गावातल्या वजनदार देसायांकडे जातात, त्यांच्याकरवी बापाला समज देववतात आणि आपण तिथे गेलो होतो हे बापाला कळू नये एवढीही तजवीज करतात. मुलाच्या शिक्षणाची सुरुवात अशी एका चोरट्या भेटीने होते.

देसायांपुढे बाप कबूल होतो. पण सौदा करूनच. सकाळी शेतावर काम, मग शाळा, शाळा सुटली की पुन्हा शेत. आणि कामाची घाई असेल त्या दिवशी शाळेला रजा. यादवांचे मोठेपण असे, की त्यांनी हा सौदा सौद्यासारखाच लिहिला. बापाला राक्षस केले नाही आणि आईला देवी केले नाही. आई भांडत नाही, व्याख्यान देत नाही. नवरा कोणाचे ऐकेल हे ती बरोबर ओळखते आणि त्या दाराशी मुलाला घेऊन जाते. आईबापांनी मुलाला हात देणे म्हणजे काय, याचा इतका साधा आणि इतका खरा दाखला मराठीत मला दुसरा आठवत नाही. तिच्याजवळ द्यायला पैसा नव्हता. योग्य दार ठाऊक होते, तेवढे तिने दिले.

आता याच्या अगदी उलट टोकाला जाऊ. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ सालची. खानदेशातल्या सांगवीहून पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात येतो. कागलच्या पोराला जे मिळत नव्हते ते सगळे याला मिळाले आहे. वडील खाऊनपिऊन सुखी, गावात वजन असलेले. मुलाला पैसे पुरवायला समर्थ. आणि तरीही पांडुरंग वसतिगृह, मित्र, मेसचा कारभार, उधारी आणि न संपणाऱ्या रात्री यांत पदवी हरवून बसतो, धाकट्या मनीच्या मृत्यूने आतून मोडतो आणि अखेर गावी परततो. वडिलांचे किती रुपये वाया गेले, याची बोच त्याच्या निवेदनात अगदी आरंभापासून आहे.

‘कोसला’वर आजवर पुष्कळ लिहिले गेले. तिची भाषा, तिची तिरकस थट्टा, तिचे रितेपण यांवर विद्वानांनी पाने भरली. मला मात्र त्या बापलेकांमधला पैसा महत्त्वाचा वाटतो. पैसा हीच त्यांची बोलीभाषा होऊन बसली आहे. बाप पैसे पाठवतो तेव्हा त्याला काही म्हणायचे असते; मुलगा ते उधळतो तेव्हा त्यालाही काही म्हणायचे असते. दोघांचेही म्हणणे खर्चाच्या आकड्यातच अडकून पडते. ‘तिथे तुझे मन लागते का रे?’ एवढा एक प्रश्न त्या दोघांत वेळेवर उभा राहता, तर ही कादंबरी कदाचित लिहिलीच गेली नसती. मराठी साहित्याचा तोटा झाला असता. सांगवीकरांच्या घराचा फायदा झाला असता.

कागल आणि सांगवी ही दोन टोके. एकीकडे बाप पैसा देत नाही, दुसरीकडे देतो. पण मुलाशी सरळ बोलणे दोन्हीकडे नाही. तिसरे घर मुंबईतले आहे. नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ १९९३ साली प्रसिद्ध झाले. नाशिकजवळच्या ओझरचे, जातीच्या जाचातून बाहेर पडून मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी केलेले दामोदर जाधव यांची आणि त्यांच्या मुलांची ही हकीकत. या बापाने कोणत्याही मुलाला ‘तू अमुकच हो’ असे सांगितले नाही. जे होशील त्यात वरच्या पायरीवर जा, चोर झालास तरी असा हो की जगाने नाव घेतले पाहिजे, अशा अर्थाचे त्यांचे सांगणे होते. व्यवसाय मुलाचा, माप बापाचे. अशी ही वाटणी.

या पुस्तकाबद्दल मनात आदर ठेवूनही एक शंका नोंदवली पाहिजे. यशस्वी मुलाने लिहिलेल्या बापाच्या चरित्रात बापाचे प्रत्येक वाक्य सोन्याचे ठरते. हेच वाक्य दुसऱ्या घरात, साध्याच कुवतीच्या मुलाच्या वाट्याला आले असते, तर ते त्याच्या उरावर धोंड्यासारखे बसले असते. वरच्या पायरीवर फारच थोड्यांना जागा असते. जी मुले मधल्या पायरीवर इमानाने उभी राहिली, त्यांच्या बापांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. आत्मचरित्र हे बहुधा पोहोचलेल्या माणसाचे असते, हा त्या वाङ्मयप्रकाराचाच दोष; एकट्या जाधवांचा नव्हे.

तथापि या पुस्तकात एक गोष्ट अशी आहे, की तिच्यासाठी वरची शंकाही बाजूला ठेवावी. निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून दामोदर जाधवांनी आपल्या आठवणी स्वतःच्या हाताने वह्यांत लिहून काढल्या. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या माणसाने! मुलाचे पुस्तक उभे आहे ते त्या वह्यांवर. आपल्या घराघरांतून बापाची वही म्हणजे खर्चाची वही. फी इतकी, खोलीचे भाडे इतके, पुस्तकांचे इतके. या एका घरात बापाच्या वहीत बाप स्वतःच होता. मुलासाठी काय सोसले याचा आकडा तिथे नाही. आपण कोण होतो, कुठून आलो, कशाला भ्यालो, हे आहे. मुलावर कर्ज चढवणारी वही आणि मुलाला ओळख देणारी वही यांतला फरक मला इथे प्रथम कळला.

परंतु आईबाप कितीही शहाणे निघाले तरी पदवीनंतरचे दार त्यांच्या हाती नसते, हे सांगणारे पुस्तक कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’. साल १९८१. नागपूरच्या एका दलित घरातली मुलगी संस्कृत घेऊन एम. ए. होते, उत्तम गुण मिळवते आणि नोकरीसाठी दारोदार फिरते. कौतुक सर्वत्र, नेमणूक कुठेच नाही. पुढे आंतरजातीय विवाह होऊन माहेरचे सोमकुवर हे आडनाव जाते, पावडे हे आडनाव येते आणि मग सरकारी महाविद्यालयात प्राध्यापकी मिळते. नोकरी आपल्याला मिळाली की आडनावाला, हा त्यांचा प्रश्न वाचकाच्या छातीत काट्यासारखा राहतो. पदवी हाती असलेल्या आणि काम नसलेल्या दिवसांचे इतके नेमके चित्रण आपल्याकडे विरळा. आपल्या जुन्या कादंबऱ्यांत नायक बी. ए. झाला की लेखक घाईघाईने त्याचे लग्न लावून मोकळा होई. मधली दोन वर्षे पानांच्या फटीत पडून जात. आणि नायिका शिकली तर तिची पदवी लग्नाच्या बाजारातच खर्ची पडे. पावडे यांनी ती वर्षे फटीतून बाहेर काढली आणि तीही मुलीची.

आम्हा कोल्हापूरकरांना या प्रश्नाचे उत्तर एकेकाळी एकट्या बापावर न टाकता गावाने शोधले होते, याचा विसर पडू नये. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि त्यानंतर शाहू महाराजांच्या आश्रयाने जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा नाना समाजांतल्या मुलांची वसतिगृहे उभी राहिली. या जिल्ह्यातल्या कुंभोजात १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापुरात अशाच बोर्डिंगात राहून शिकले आणि पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. तिथल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ज्याचा बाप हात देऊ शकत नाही त्याला गाव हात देईल, असा हा विचार. आज बोर्डिंगांच्या इमारती आहेत, १९६२ साली स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ आहे. पण पदवीनंतरच्या दोन-चार वर्षांत मुलाचा भार पुन्हा एकट्या घरावर येऊन पडला आहे. उसाचे बिल आले की पुण्याच्या खोलीचे भाडे जाते. परीक्षा पुढे ढकलली गेली की घरातले आणखी एक वर्ष तिच्याबरोबर ढकलले जाते.

शिवाजी पेठेतले असो की शिरोळ तालुक्यातले, या घराचे चित्र अजून कादंबरीत यायचे आहे. ज्यांनी ते रंगवायला घ्यावे त्यांना एक पुराणकथा हाताशी आहे आणि तिचा मराठीतला नामवंत अवतार एका शाळामास्तराने, वि. स. खांडेकरांनी, कोल्हापुरातच लिहिला. १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत शिकवून खांडेकर इथे आले आणि १९५९ साली त्यांची ‘ययाति’ प्रसिद्ध झाली. १९७४ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक त्यांना मिळाले. ते स्वतः पदवीपर्यंत पोहोचले नव्हते. घरच्या अडचणीत कॉलेज मध्येच सुटले. ‘ययाति’कडे आपण भोगाची कथा म्हणून पाहतो, आणि ते बरोबरच आहे. पण मुळात महाभारतातली ही कथा बापाने मुलाकडे त्याचे तारुण्य मागण्याचीही आहे. बाकीचे मुलगे नाही म्हणतात, धाकटा पुरू होय म्हणतो, आणि परंपरेने गुण गायले ते होय म्हणणाऱ्याचे.

‘मला डॉक्टर व्हायचे होते, जमले नाही, आता तू हो,’ असे म्हणणारा प्रत्येक बाप थोडासा ययाति असतो. तो भोगासाठी मागत नाही, प्रेमापोटी मागतो. पण मागतो ते मुलाचे तारुण्यच. घरोघरचे पुरू हूं की चूं न करता ते देऊनही टाकतात. नाही म्हणणाऱ्या यदूची बाजू घेऊन, त्याला उर्मट न ठरवता लिहिलेली कादंबरी आपल्याला हवी आहे. आणि त्याच कादंबरीत, मुलाचे ‘नाही’ ऐकून जेवायला त्याच्याशेजारी बसणारा बापही हवा आहे. असे बाप आहेत. शाळेच्या फाटकाशी ते मला रोज भेटतात. त्यांच्यापाशी शब्द नाहीत, एवढेच. ते शब्द पुरवणे हे आम्हा लिहिणाऱ्यांचे काम.

तोवर आईबापांनी काय करावे, असे कोणी विचारील. समीक्षकाने उपदेश करू नये असा संकेत आहे. मास्तराला तो लागू नाही. ही पुस्तके एकत्र वाचून एवढेच म्हणता येते, की मुलाला पैसा किती दिला यापेक्षा घरात खरे किती बोलले गेले, यावर पुढचे पुष्कळ ठरते. आपण किती वर्षे खर्च झेपवू शकतो हे मुलाला आकड्यासकट सांगावे. त्यात अपमान कोणाचाच नाही. आपल्याला ते काम जमते का, आवडते का, हे मुलाने सांगावे आणि ते ऐकताना वर्तमानपत्र घडी घालून ठेवावे. लक्ष्मीपूजनाला वह्या मांडून त्यांवर हळदकुंकू वाहण्याची आपली रीत आहे. जमाखर्चाच्या त्या वह्यांशेजारी यंदा एक कोरी वही ठेवावी आणि बापाने तिच्यात स्वतःच्या विशीतली हकीकत लिहायला घ्यावी. पहिली नोकरी कशी लागली, कोणी नाकारले, त्या रात्री झोप लागली की नाही. मुलगा ती वाचील. आज ना उद्या, पण वाचील.