काळोखातले बाळंते

मॉस्कोच्या क्रेमलिनमधील एका कॅथेड्रलमध्ये ख्रिस्तजन्माचे एक आयकॉन आहे. १५ व्या शतकातले हे चित्र परंपरेने आंद्रेई रुब्ल्योव्ह या चित्रकार-संन्याशाच्या नावाशी जोडले जाते. नाताळ म्हणताच आपल्या मनात चांदणी आणि दिव्यांची आरास उजळते. म्हणूनच या चित्रातल्या डोंगराच्या पोटात उघडलेल्या अंधाऱ्या गुहेपाशी आपली नजर थबकते. लूकच्या शुभवर्तमानात गुहा नाही, आहे ती गव्हाण. पण बेथलेहेमची गुहा दुसऱ्या शतकापासून ख्रिस्ती स्मरणात रुजलेली आहे. त्या काळोखात एक एवढासा जीव, बाळंत्यात घट्ट गुंडाळलेला.

या बाळंत्यापाशी आपण थोडे रेंगाळू या. लूक त्याचा उल्लेख दोनदा करतो; देवदूत मेंढपाळांना तारणाऱ्याची खूण सांगतो ती राजदंडाची नव्हे, बाळंत्याची आणि गव्हाणीची. त्याच शुभवर्तमानाच्या अखेरीस हाच देह तागाच्या वस्त्रात गुंडाळून खडकात खोदलेल्या कबरीत ठेवला जातो. आयकॉनच्या परंपरेने ही दोन टोके एकत्र पाहिली: इथले बाळंते कफनासारखे दिसते आणि गव्हाण दगडी पेटीसारखी. जन्माच्या आनंदावर ही मृत्यूची सावली नव्हे. येणारा माणसासोबत अर्ध्या वाटेपर्यंत नव्हे, थेट शेवटच्या अंधारापर्यंत येणार आहे, हे आश्वासन त्या घट्ट वेटोळ्यांत आहे. नाताळच्या आनंदाला खोली येते ती इथे.

गव्हाणीवर वाकलेले बैल आणि गाढव लूकने सांगितलेले नाहीत. ते आले यशयाच्या ग्रंथातून, जिथे मुकी जनावरे धन्याला ओळखतात आणि माणसे मात्र विसरतात. मरिया लाल अंथरुणावर पहुडली आहे आणि तिचे मुख, नवल म्हणजे, बाळाकडे वळलेले नाही. मला हे मुख वळवणे फार मोलाचे वाटते. लूक म्हणतो की ती साऱ्या घटना मनात साठवून त्यांचे चिंतन करीत राहिली. ते चिंतन रंगवायचे तर असेच रंगवावे.

आणि मग उजवीकडे, अगदी खालच्या कोपऱ्यात, दोन स्त्रिया बाळाच्या न्हाणाची तयारी करीत असतात. या विषयाच्या कित्येक आयकॉनांत तर सुईण पाणी फार कढत नाही ना हे हात बुडवून पाहते! समुद्र ज्याच्या शब्दाने निर्माण झाले त्याला कोमट पाणी लागावे, आणि ते नीट आहे की नाही हे एका बाईच्या हाताने ठरवावे. ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे, हे ४५१ साली खाल्सेदोनच्या धर्मसभेने अतिशय तोलून-मापून शब्दबद्ध केले. चित्रकारांनी तेच सारे एका घंगाळात मांडले आणि वर देवदूतांना, दूरवरून घोडे दौडवीत येणाऱ्या ज्ञानी पुरुषांना, मेंढपाळांना एकाच क्षणी, एकाच डोंगरावर त्या न्हाणाभोवती गोळा केले.