अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्युमान : सोलापूरचा आकडा आणि देशाचा आकडा

एका तक्त्यात दोन आकडे शेजारीशेजारी मांडले की ते एकाच जातीचे आहेत असा वाचकाचा सहज समज होतो. जिल्ह्याचा दर डावीकडे, देशाचा दर उजवीकडे, आणि खाली एक वाक्य : ‘यावरून सोलापूर भागात अंडाशयाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण राष्ट्रीय प्रमाणापेक्षा कमी असल्याचे दिसून येते.’ अशा धर्तीची वाक्ये लघुप्रबंधांतून आणि परिसंवादांतील निबंधांतून वारंवार आढळतात. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते, बहुधा आकडेमोडही बिनचूक असते. परंतु ‘दिसून येते’ या क्रियापदाला जो भार सोसावा लागतो, तो त्याला पेलत नाही. त्या भाराची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम उजवीकडील आकडा पाहू. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या ग्लोबोकॅन या संकलनानुसार २०२२ साली भारतात अंडाशयाच्या कर्करोगाच्या सुमारे ४७ हजार नव्या रुग्ण आढळल्या व सुमारे ३३ हजार स्त्रिया त्या रोगाने दगावल्या. हे ३३ हजार मृत्यू कोणी मोजलेले नाहीत. भारतात जन्ममृत्यूंची नोंदणी १९६९ च्या कायद्याने सक्तीची आहे खरी. पण नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी ज्यांचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले असते असे मृत्यू २०२० साली शंभरात जेमतेम २२ होते. उरलेल्यांचे कारण अधिकृतरीत्या कोणास ठाऊक नाही. म्हणून राष्ट्रीय मृत्यूंचा आकडा काढण्यासाठी वाट वेगळी धरावी लागते. देशात ज्या थोड्या ठिकाणी लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी चालते, तेथील नव्या रुग्णांच्या दरांवरून देशाचा दर अनुमानिला जातो आणि त्याला जगण्या-मरण्याच्या गुणोत्तरांची जोड देऊन मृत्यूंची संख्या निष्पन्न केली जाते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा २८ नोंदण्यांची माहिती आहे. त्यांनी व्यापलेली लोकसंख्या देशाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकीच आहे. आणि त्या २८ पैकी एक नोंदणी आपल्याच जिल्ह्यातील बार्शीची आहे.

म्हणजे डावीकडील आकडा अंशतः उजवीकडील आकड्याच्या पोटातच बसलेला आहे. मुलाची उंची घरातील सर्वांच्या सरासरी उंचीशी ताडून पाहताना त्या सरासरीत तो मुलगाही धरलेला आहे हे विसरून चालत नाही. येथे तर घरातील नऊ दशांश माणसांची उंची मोजलेलीच नाही, ती उरलेल्या एक दशांशावरून ठरविलेली आहे. देशाचा आकडा त्यामुळे निरुपयोगी ठरतो असे नव्हे. नियोजनासाठी तो आवश्यकच आहे. मात्र ज्याच्याशी आपली वस्तू ताडून पाहावी असे ते प्रमाणित माप नव्हे.

आता डावीकडे वळू. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली. ग्रामीण भागातील देशातली ती पहिली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती व लोकसंख्या चार लाखांच्या आसपास होती. मुंबईची नोंदणी, जिची आकडेवारी १९६४ पासून उपलब्ध आहे, ती रुग्णालयांच्या कागदपत्रांवर उभी राहू शकली. बार्शी भागात तशी कागदपत्रेच नव्हती. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणून गावोगाव माणसे पाठविण्याची पद्धत स्वीकारली. कार्यकर्ता गावात जाई, लोकांना जमवून कर्करोगाची लक्षणे समजावून सांगे, कोणाला तशी लक्षणे आहेत काय याची विचारपूस करी, संशयित रुग्णास बार्शीच्या रुग्णालयात तपासणीला येण्यास प्रवृत्त करी, आणि कोण वारले याचीही नोंद घेई. अशा रीतीने मिळालेला आकडा हा खऱ्या अर्थाने मोजलेला आकडा होय. दारात जाऊन आणलेला आकडा आणि प्रतिमानातून काढलेला आकडा यांना एका ओळीत बसविताना निदान तसा उल्लेख तरी करावयास हवा.

येथे एक गोष्ट सांगितल्याखेरीज राहवत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत बार्शीच्या संशोधकांना असे आढळून आले की, गावोगावच्या या संपर्कामुळे स्त्रिया रोगाच्या आधीच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. १९९५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्धही केले. नोंद घेणाऱ्याच्या येण्याने नोंदले जाणारे वास्तवच बदलले. सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांना हा प्रकार नवा नाही. पण कालानुरूप कल पाहताना त्याचे परिणाम सरळ असत नाहीत : जाणीव वाढली की प्रथम नव्या रुग्णांचा दर चढतो, मृत्युदर मात्र उशिरा व तोही उपचार मिळाले तरच उतरतो. अशा काळात कोणी दराचा आलेख काढून ‘रोग वाढत आहे’ असे म्हणेल, तर तो जे वाढले त्यास भलतेच नाव देत असेल.

अंडाशयाच्या कर्करोगाचे दुखणे याहून अवघड आहे. गर्भाशयमुखाची तपासणी परिचारिकेलाही करता येते. अंडाशय पोटात खोल दडलेले असते. रोग बळावेपर्यंत लक्षणे म्हणजे पोट फुगणे, भूक मंदावणे, वरचेवर लघवीला लागणे, कंबर धरणे. यांतील एकही लक्षण असे नाही की जे खेड्यातील पन्नाशीची बाई निमूटपणे सोसणार नाही. पुढे पोटात पाणी साठते. त्याला घरचे लोक जलोदर म्हणतात, आणि जलोदराला यकृताचा विकार, पोटाचा क्षय अशी दहा कारणे असू शकतात. निदान पक्के व्हावयाचे तर सोनोग्राफी, रक्ताची तपासणी व शेवटी ऊतींची सूक्ष्मदर्शी परीक्षा लागते. तेथवर न पोचलेली बाई वारली तर ग्रामपंचायतीच्या मृत्युनोंदीत ती ‘पोटाचा आजार’ किंवा ‘वृद्धापकाळ’ या सदराखाली जाते. तिच्या पुरता आपल्या तक्त्यातील अंश एकाने कमी होतो, छेद मात्र तसाच राहतो, आणि दर अधिक समाधानकारक दिसू लागतो. जेथे निदानाची सोय सर्वांत अपुरी, तेथे दर सर्वांत कमी, ही विसंगती नसून अंकगणित आहे.

मृतांच्या नातलगांना विचारून कारण ठरविण्याच्या पद्धतीनेही ही उणीव भरून निघत नाही. भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणीच्या आधारे झालेल्या आणि २०१२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीने कर्करोगाच्या मृत्यूंविषयी मोलाचे ज्ञान दिले. २०१० साली देशात साडेपाच लाखांहून अधिक कर्करोगमृत्यू झाले आणि ३० ते ६९ वयाच्या स्त्रियांत गर्भाशयमुख, जठर व स्तन यांच्या कर्करोगांचा वाटा मोठा होता, हे त्यातून कळले. पण तोंडाची गाठ किंवा स्तनाची जखम नातलगांच्या ध्यानात राहते. अंडाशय हा शब्दही बहुतेक घरांत उच्चारला गेलेला नसतो.

मृत्यू कोठे झाला हाही प्रश्न आहे. ऐपत असलेले कुटुंब रुग्णास पुण्याला किंवा मुंबईला नेते. मुंबईत ती चुलतभावाकडे उतरते आणि रुग्णालयाच्या कागदावर त्याचाच पत्ता लागतो. एक वर्ष वास्तव्य असलेल्यासच रहिवासी मानावे असा नोंदणीचा नियम आहे आणि तो योग्य आहे. परंतु कागदावर पत्ता लिहिणाऱ्या कारकुनाला तो नियम ठाऊक असतोच असे नाही. वयाचीही तीच गत. ‘साठीच्या आसपास’ हे उत्तर नोंदीत ६० होऊन बसते. चांगला कार्यकर्ता अशा वेळी १९७२ च्या दुष्काळात मूल कडेवर होते की शाळेत जात होते असे विचारून वय ताडतो. सगळेच कार्यकर्ते तेवढा वेळ काढतात असे समजणे भाबडेपणाचे होईल. आणि वयप्रमाणित दर हा तर वयाच्या नोंदीवरच उभा असतो.

इतके सगळे सांगितल्यावर कोणी असा निष्कर्ष काढील की बार्शीचा कमी दर हा केवळ नोंदीचा भास आहे. मला तसे म्हणावयाचे नाही. महानगरांतील नोंदण्यांच्या तुलनेने बार्शी भागात अंडाशयाच्या कर्करोगाचा दर कमी असावा याला शरीरशास्त्रीय कारणेही आहेत. अधिक बाळंतपणे व दीर्घकाळ स्तनपान यांमुळे हा धोका घटतो हे सर्वमान्य आहे. स्त्रियांची नसबंदी केल्यानेही धोका कमी होतो. आणि या रोगाचा सर्वांत घातक प्रकार पुष्कळदा अंडनलिकेच्या टोकाशी उगम पावतो हे अलीकडच्या दोन दशकांत कळून आल्यापासून तसे का व्हावे याचाही उलगडा होऊ लागला आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांत कुटुंबनियोजनाचा भार नसबंदीच्या रूपाने स्त्रियांवरच पडत आला आहे, हे येथे निराळे सांगावयास नको.

आणखी एक बाब, जी माझ्या पाहण्यातील तुलनांत कोठेही विचारात घेतलेली आढळली नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी राज्य शासनाच्या समितीने २०१९ मध्ये चौकशी केली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. जेथे गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली जातात, तेथे त्या स्त्रीला अंडाशयाचा कर्करोग होण्याचा संभव जवळजवळ उरत नाही. पण दर काढताना ती छेदात मोजली जातेच. उस्मानाबाद व बीड या जिल्ह्यांच्या नोंदणीत सर्व कर्करोगांचा मिळून दर देशातील नोंदण्यांत सर्वांत खालचा आहे हे लक्षात घेतले, तर त्या कमीपणाचा किती भाग निरोगीपणाचा, किती नोंदीच्या उणिवेचा आणि किती शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा, हे वेगळे काढल्याविना त्याला ‘कमी धोका’ म्हणणे मला क्रूरपणाचे वाटते.

राहिला कालानुरूप कलाचा प्रश्न. येथे संख्याशास्त्र निष्ठुर आहे. देशाचे २०२२ चे अनुमान घेतले तर दर लाख स्त्रियांमागे वर्षाला पाचाहून किंचित कमी मृत्यू येतात. २०११ च्या खानेसुमारीनुसार सोलापूर जिल्ह्यात २०.९ लाख स्त्रिया होत्या. म्हणजे संपूर्ण जिल्ह्यात वर्षाकाठी शंभराच्या आसपास मृत्यू अपेक्षित. नोंदणीच्या क्षेत्रात अडीच लाख स्त्रिया आहेत असे उदाहरणादाखल धरले, तर अपेक्षित मृत्यू अवघे १२. प्वासाँच्या नियमाप्रमाणे १२ या संख्येच्या ९५ टक्के विश्वासमर्यादा सुमारे ६ ते २१ इतक्या पसरट आहेत. एका वर्षी १२ आणि दुसऱ्या वर्षी ८ मृत्यू झाले तर वृत्तपत्र ‘एक तृतीयांश घट’ असे छापील. संख्याशास्त्रज्ञास त्यात काहीही दिसणार नाही. पाच वर्षे एकत्र केली तर मृत्यू ६० आणि मर्यादा ४६ ते ७७. पुढील पाच वर्षांत खरोखरच पाचवा हिस्सा घट झाली, ६० चे ४८ झाले, तरीही ती घट योगायोगाहून वेगळी सिद्ध करता येणार नाही. त्यात रोगवर्गीकरणाचे बदलही मिसळतात. अंडाशयाच्या सीमावर्ती गाठींना १९९० च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात कर्करोगात गणले होते. २००० च्या आवृत्तीत त्यांना त्यातून वगळले. त्या वळणावर नव्या रुग्णांच्या दरात पडलेली खोच रोगाची नव्हे, वर्गीकरणाची आहे.

मग तुलना करूच नये काय? करावी, पण ज्या प्रश्नाचे उत्तर ती देऊ शकते तो प्रश्न विचारावा. नोंदण्या मृत्यू व नवे रुग्ण यांचे गुणोत्तर प्रसिद्ध करतात. देशाच्या अनुमानात ते अंडाशयाच्या कर्करोगासाठी सुमारे ०.७ येते. एखाद्या ग्रामीण नोंदणीत ते ०.३ आले, तर तेथील स्त्रिया देशातील इतर स्त्रियांहून दुपटीने जगतात असे समजण्यापूर्वी, मृत्यूंचा माग घरापर्यंत काढला होता काय हे विचारावे. माग काढता येतो. उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून चाललेल्या गर्भाशयमुखाच्या तपासणीच्या प्रयोगात १,३१,७४६ स्त्रियांचा पाठपुरावा झाला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत विषाणूची तपासणी झालेल्या गटात ३४, तर नियंत्रण गटात ६४ मृत्यू गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने झाल्याचे दाखविता आले. एकेक मृत्यू शोधला म्हणून तो फरक बोलला. अंडाशयाच्या कर्करोगासाठी तशी चाळणी उपलब्ध नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या प्रयोगाच्या २०२१ च्या निष्कर्षांतही तपासणीने मृत्यू घटले नाहीत. म्हणजे आपल्या हाती उरते ते वेळेवर निदान, शस्त्रक्रिया व औषधोपचार. आणि ती सोय कोठे करावी हे ज्या आकड्यांवरून ठरते, तेच आकडे सोय नसलेल्या गावांत सर्वांत कमी भरतात.

तेव्हा तुलनेचा तक्ता करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने बार्शीचा दर प्रथम बार्शीच्याच दहा वर्षांपूर्वीच्या दराशी, त्याच गावांपुरता, त्याच वर्गीकरणाने व पाच-पाच वर्षे एकत्र करून ताडावा. गुणोत्तराचा तक्ता त्याआधी पाहावा. देशाचा आकडा त्यानंतर, आणि तो अनुमानित असल्याची नोंद तक्त्याखालील बारीक टीपेत नव्हे, स्तंभाच्या शीर्षकातच करून.