सेवेची भाषा, हक्काची भाषा

पनवेलजवळच्या तळोजा तुरुंगात जेसुइट धर्मगुरू स्टॅन स्वामी ऑक्टोबर २०२० पासून कच्चे कैदी होते. ५ जुलै २०२१ रोजी, खटला उभा राहण्यापूर्वीच, ते वांद्र्याच्या इस्पितळात वारले. त्यांच्यावरचे श्रद्धांजलीपर लेखन त्यांना ‘सेवाभावी’ करून टाकते. ते तर पाचव्या अनुसूचीचा अंमल का नाही, झारखंडातले आदिवासी तरुण तुरुंगात का सडतात, हे विचारीत होते! सेवा प्रस्थापितांना चालते, हक्क खुपतो.

हाच प्रश्न चर्चलाही आहे. डिसेंबर २०१६ मध्ये कॅथॉलिक बिशपांनी धोरणपत्रात चर्चमधील अस्पृश्यता कबूल केली. १९५० च्या राष्ट्रपती आदेशातला तिसरा परिच्छेद दलित ख्रिस्तींना सवलती नाकारतो, ही त्यांची तक्रार रास्तच आहे. पण दफनभूमीतली भिंत कोणत्या सरकारी आदेशाने उभी राहिली?